जुन्या मोटारीची किंमत कशात असते?

पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी आम्ही सगळे कोळवणला घरी होतो. भातखाचरे पोटरीला आली होती, तिकोन्याच्या अंगाला ढग उतरले होते. अशा दिवसांत पौडहून हडशीकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतून एक लाल रंगाची, उघडी, दोनच माणसांची मोटार येऊन चहाच्या टपरीसमोर थांबली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एमजी. काल कारखान्यातून निघाल्यासारखी चकचकीत. पाच मिनिटांत अर्धे गाव भोवती जमले. पोरे आरशात तोंड बघू लागली, मोठी माणसे एकमेकांना विचारू लागली, “हिची किंमत किती असेल हो?”

आमचे चाचाही उठून गेले. त्यांनी पुण्यात नाना पेठेच्या परिसरात तीसहून अधिक वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले आहे. चाचांनी रंगाकडे पाहिलेच नाही. मालकाची परवानगी घेऊन दार उघडले, बंद केले, दाराच्या फटीवरून वरून खाली बोट फिरवले. मग लुंगी सावरून उकिडवे बसले आणि गाडीच्या पोटाखाली डोकावले. उठून म्हणाले, “काम चांगलंय. ज्यानं केलंय त्याला हात आहे.” मालक हसून म्हणाले, “चाचा, काम करणाऱ्याचं नाव मात्र मला ठाऊक नाही. मी ही तयारच घेतली.”

ते वाक्य आमच्या घरात नंतर बरेच दिवस घोळत राहिले. कारण नेमक्या त्याच दिवसांत आमच्याही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधली एक जुनी गाडी विकायची होती. तिची गोष्ट पुढे येईल. आधी तो गावकऱ्यांचा प्रश्न पाहू. जुन्या मोटारीची, त्यातही शर्यतीच्या जातीच्या मोटारीची, किंमत ठरते तरी कशी?

आकडे डोळे फिरवणारे

५ मे २०२२ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात मर्सिडीज कंपनीच्या संग्रहालयात एक गुप्त लिलाव झाला. १९५५ सालची ‘३०० एसएलआर’ जातीची बंद टपाची मोटार. अशा दोनच बनल्या होत्या आणि दोन्ही कंपनीने स्वतःकडे जपल्या होत्या. त्यातली एक १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे १,१०० कोटी रुपये होतात. ही रक्कम तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी वापरण्याचे कंपनीने जाहीर केले. त्याआधी २०१८ साली अमेरिकेत १९६२ सालची फेरारी ‘२५० जीटीओ’ ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना विकली गेली होती. या जातीच्या गाड्या तीन डझनांच्या आसपासच बनल्या आहेत.

एवढ्या पैशांत माणूस नेमके काय विकत घेतो? वेग म्हणावा, तर आजच्या साध्या गाड्याही यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना मागे टाकतील. आराम म्हणावा, तर या गाड्यांत गरम होते, आवाज होतो, पाऊस आला की भिजायला होते. पैसा चार-पाच वेगळ्याच गोष्टींचा मोजला जातो.

पहिली गोष्ट दुर्मिळता. दुसरी, गाडीचा इतिहास: ती कोणाची होती, कुठल्या शर्यतीत धावली, किती हातांतून गेली. तिसरी, मूळ भाग. सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का? चौथी गोष्ट कागद: जुनी बिले, फोटो, नोंदणीचे पुस्तक. या सगळ्यानंतर पाचवी गोष्ट येते ती म्हणजे आजची स्थिती, रंग, चकाकी. आपण सामान्य माणसे नेमके उलटे करतो. आपले डोळे पाचव्या गोष्टीवर खिळतात आणि पहिल्या चार विचारायच्या राहून जातात.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याच कागदावर नसते. माणूस लहानपणी ज्या गाडीच्या काचेला नाक लावून उभा राहिला, तीच गाडी चार पैसे हातात आल्यावर शोधतो. म्हणून पिढी बदलली की मागणीही बदलते. आजोबांच्या काळातल्या गाडीला नातवाच्या काळात तेवढेच गिऱ्हाईक मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

‘परिपूर्ण’ म्हणजे काय?

अमेरिकेत जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी हॅगर्टी नावाची कंपनी गाड्यांना एक ते चार असे दर्जे देते. एक नंबर म्हणजे प्रदर्शनात मांडण्याजोगी, कुठेही बोट ठेवायला जागा नसलेली गाडी. दोन नंबर म्हणजे अगदी बारकाईने पाहिल्यावरच उणीव दिसेल अशी. तीन म्हणजे चांगली, चालती. चार म्हणजे वापरातली, डोळ्यांना दोष दिसणारी. गंमत अशी की एक नंबरची गाडी मनसोक्त चालवली की तिचा दर्जा उतरतो. मग ती झाकून ठेवायची. मोटार घ्यायची ती चालवायची नाही म्हणून, असा हा उलटा व्यवहार.

या दर्जापर्यंत गाडी नेण्याचे काम सोपे नसते. गाडी सुटी करायची, जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा, गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वळवून जोडायचा. बंपर आणि मुठींवर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी क्रोमचा थर चढवायचा. सीटचे काम, वायरिंग, काचांची रबरे सगळे त्या वर्षीच्या नमुन्याबरहुकूम करायचे. मिळत नसलेला भाग लेथवर घडवायचा. यात महिने जातात, कित्येकदा वर्षे जातात. खर्च पुष्कळदा गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो. म्हणून जाणकार सांगतात, की गाडी नफ्यासाठी दुरुस्त करायला घेऊ नका, हौस असेल तरच घ्या.

आणि एवढे करूनही काही वेळा ‘परिपूर्ण’ गाडीला मागे टाकून मोडकी गाडी पुढे जाते. फ्रान्समध्ये एका उद्योजकाने जमवलेल्या जुन्या गाड्या अनेक दशके शेतघराच्या शेडमध्ये पडून होत्या. त्यातली एक फेरारी ‘कॅलिफोर्निया स्पायडर’ रद्दी मासिकांच्या ढिगाखाली सापडली. ती एके काळी नट आलँ दलाँ यांच्याकडे होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट मांडली आणि तिला १ कोटी ६३ लाख युरो आले. शंभर कोटी रुपयांहून जास्त. धूळही पुसली नाही, कारण ती धूळ म्हणजेच या गाडीला मध्यंतरी कोणी हात लावलेला नाही याचा पुरावा होता. आज मोठ्या प्रदर्शनांत न बदललेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग असतो. रंग पुन्हा देता येतो. कारखान्याने दिलेला पहिला रंग एकदा खरवडला, की तो परत येत नाही.

मग सगळेच बदलले तर गाडी तीच राहते का? हा प्रश्न एकदा इंग्लंडच्या न्यायालयात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे बरेचसे भाग बदलले गेले. सुमारे ६० वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरले, तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नाही. १९९० साली न्यायाधीशांनी निकाल दिला की गाडी तीच आहे. तिचे भाग टप्प्याटप्प्याने बदलले, पण तिचा इतिहास कुठेच तुटलेला नाही. म्हणजे किंमत पत्र्याइतकीच त्या अखंड, सांगता येणाऱ्या गोष्टीला होती.

आपल्याकडच्या गाड्या

हे सगळे परदेशातच चालते असे नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर हे मराठी घराण्यातले राजे. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून काळा-केशरी देह चढवून घेतला. तिची गणना आजही जगातल्या नामांकित गाड्यांत होते, पण ती कधीच देशाबाहेर गेली. अशा कित्येक गाड्या संस्थाने गेल्यावर मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. याउलट कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने आपली मेबॅक जपली. दसऱ्याच्या सोहळ्यात ती बाहेर निघते तेव्हा लोक मोटारीइतकाच आपला इतिहास बघायला उभे असतात.

आपल्यासारख्या घरांच्या वाट्याला मात्र आली ती फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईत तिची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि शेकडो घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आणि ती गेल्यावर लोकांना तिची किंमत कळली. काल भंगारात जाणाऱ्या गाडीला आज शोधत लोक येतात.

आमच्या शेडमधली फियाट

असेच एक दलाल आमच्याकडे आले. चाचांची फियाट १९६८ सालची. त्यांनी ती एका गिऱ्हाइकाकडून मजुरीच्या थकलेल्या पैशांच्या बदल्यात घेतली होती. आमच्या घरातल्या दोन वराती, एक बाळंतपण आणि दादीजानचा शेवटचा दवाखाना तिने पाहिला आहे. गेली बारा वर्षे ती ताडपत्रीखाली होती. आमच्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा चाचा स्वतःच म्हणाले, “ती उभी राहून काय करणार? पोरगी उभी राहू दे.”

दलालाने गाडीला फेरी मारली आणि आम्ही मनात धरलेल्या रकमेच्या दुप्पट आकडा सांगितला. अट एकच. “चाचा, तुमचा हात आहेच. लांबी भरून मस्त रंग मारून द्या. क्रोम करून घ्या. बाकी मी बघतो. ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून सांगायचं.”

चाचा म्हणाले, “ओरिजिनल नाही ना ती. पुढची दोन्ही तळं मी बदललीत. डाव्या मडगार्डला पट्टी मारलीय. इंजिन दुसऱ्या फियाटचं आहे.”

“ते कोणाला दिसतंय?”

“मला दिसतंय ना.”

दलाल निघून गेले. आम्ही सगळे गप्प होतो. खरे सांगायचे, तर आमच्यापैकी काहींना चाचांचा राग आला होता. फीची तारीख जवळ होती. खोटे तरी काय बोलायचे होते, नुसते गप्प राहायचे होते, असेही कोणी म्हणाले. त्यावर चाचांनी धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली. ती आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली असते. बाजारात हजरत मुहम्मद (स.) यांनी एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. चाचा म्हणाले, “बेटा, पुट्टी म्हणजे वरचं सुकं धान्य. मी आयुष्यभर लोकांच्या गाडीला पुट्टी भरली, ते माझं काम. पण विकताना खाली काय आहे ते सांगणं हेही माझंच काम.”

मालाचा ऐब, म्हणजे दोष, लपवून विकला तर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, हे आपल्या फिकहमध्ये स्पष्ट आहे. जुन्या गाड्यांच्या जगाने मोठमोठ्या फसवणुकी पाहून, कोर्टकचेऱ्या करून जे शिकले तेही हेच आहे.

त्या रात्री चाचांनी भाचीला वही घेऊन बसवले आणि एक यादी लिहून घेतली. गाडीतले मूळ काय: टप, चारही दारे, मागचा भाग, डॅशबोर्ड, मीटर, स्टिअरिंग. बदललेले काय, कोणत्या साली, का. इंजिन बदलल्याची नोंद आरसी पुस्तकात आहे, तिचे पान कोणते. गंज कुठे आहे. खाली चाचांनी सही केली.

घरात जुनी गाडी असेल तर

या खटाटोपात आम्हाला ज्या गोष्टी कळल्या, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून देतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. विकताना दोन्ही बाजूंनी परिवहन खात्याला कळवावे लागते.

घ्यायची असेल तर रंगावर भाळू नका. एक साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहा. गाडीखाली वाकून तळ आणि चॅसी बघा. चॅसी आणि इंजिनाचे नंबर स्वतः वाचून आरसी पुस्तकाशी ताडा. नंबर खरवडलेला वाटला तर कितीही स्वस्त असो, पाऊल मागे घ्या. शक्य असेल तर गाडी थंड असताना सुरू करायला सांगा.

विकायची असेल तर घाईने रंगवू नका. मूळ रंग, मूळ सीट, मूळ काच असेल तर तीच तिची दौलत आहे. जुनी बिले, टूलकिट, मालकाचे पुस्तक, लग्नातला गाडीसोबतचा फोटो असे काहीही फेकू नका.

जकातीबद्दलही आम्हाला विचारणा झाली. घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण विकून नफा मिळवायच्या नियतीनेच गाडी घेतली असेल तर ती व्यापाराचा माल ठरते आणि तिच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात निघते. तपशील आपल्या जवळच्या आलिमांना विचारून घ्यावा.

यादीची किंमत

दोन आठवड्यांनी पुण्याहून एक तरुण जोडपे आले. त्या मुलाच्या आजोबांची फियाट होती, ती घरच्यांनी त्याच्या लहानपणीच भंगारात दिली होती. त्याने यादी हातात घेतली आणि एकेक ओळ वाचत गाडीभोवती फिरला. जिथे गंज लिहिला होता तिथे गंज होता. जिथे पट्टी लिहिली होती तिथे चुंबक धरले नाही. तो म्हणाला, “चाचा, मी आत्तापर्यंत सहा गाड्या पाहिल्या. सगळ्या ‘ओरिजिनल’ होत्या.”

दलालाने सांगितलेला आकडा आला नाही. आला तो त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. भाचीची पहिल्या वर्षाची फी भागली. पुढच्या वर्षासाठी आमची बिशी लागायची आहे, आणि ती लागेपर्यंत हात आखडूनच चालावे लागेल. सचोटीने वागले की लगेच दुप्पट मिळते असे आम्ही इथे लिहिले, तर तीही एक पुट्टीच होईल.

पण एक गोष्ट झाली. त्या मुलाने विचारले, “गाडी तुम्हीच नीट करून द्याल का? घाई नाही. आणि मजुरी तुम्हीच सांगा.” चाचा थोडा वेळ बोललेच नाहीत. तीसहून अधिक वर्षांत त्यांच्या हातून शेकडो गाड्या गेल्या. गाड्यांचे भाव मालकांनी ठरवले, मजुरी शेठने ठरवली. काम कोणी केले हे कुठल्याच कागदावर आले नाही. चहाच्या टपरीवरच्या त्या लाल एमजीच्या मालकाला जसे कारागिराचे नाव ठाऊक नव्हते, तसेच.

आता फियाट आमच्याच शेडमध्ये आहे, फक्त मालक बदलला आहे. चाचा रोज फजरनंतर दोन तास तिच्यापाशी असतात. संध्याकाळी भाची वहीत लिहून घेते: आज काय काढले, काय ठेवले, काय बदलले. वही गाडीसोबत जायची आहे, असे ठरले आहे. पन्नास वर्षांनी कोणी त्या गाडीच्या पोटाखाली डोकावले आणि विचारले, हे काम कोणाचे, तर त्याला उत्तर मिळेल. पहिल्या पानावर भाचीच्या अक्षरात चाचांचे पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली गाव: कोळवण, तालुका मुळशी.